औषधाला दाद न देणारे जंतू: वीस खाटांच्या दवाखान्यात त्यांच्या वाटा कशा बंद करायच्या

मिरजेला आजारी माणसं येतात ती आजची नाहीत. डॉक्टर वॉनलेस यांचं मिशन रुग्णालय १८९४ पासूनचं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं, आणि त्यांच्या आजूबाजूला गल्लोगल्ली उभी राहिलेली दहा-वीस खाटांची नर्सिंग होम्स. जत, आटपाडी, कवठे महांकाळ आणि हद्दीपलीकडून अथणी, रायबाग, जमखंडीचे रुग्ण इथे येतात. बरेच जण थेट येत नाहीत, इथेच खरी गोम आहे. गावात तीन दिवस सलाईन, तालुक्याला दोन दिवस, मग कुठल्या तरी आयसीयूत आठवडा आणि खर्च झेपेना म्हणून तुमच्याकडे. प्रत्येक टप्प्यावर अँटिबायोटिक एक पायरी वर चढलेलं असतं. तेवढ्या वेळात आतड्यातले साधे जंतू मरून जातात आणि औषधाला दाद न देणाऱ्यांना मोकळं रान मिळतं.

मोठ्या रुग्णालयात मायक्रोबायोलॉजिस्ट असतो, इन्फेक्शन कंट्रोल नर्स असते, समिती असते. यातलं काहीच जिथे नाही, तिथल्या डॉक्टरांनी आणि इन्चार्ज सिस्टरांनी काय करायचं ते पुढे दिलं आहे. असा जंतू महागड्या इंजेक्शनने आटोक्यात येत नाही. या खाटेवरून त्या खाटेवर जाण्याच्या त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत, त्या बंद कराव्या लागतात. बहुतेकींना फारसा पैसा लागत नाही, रोजची शिस्त लागते.

कोणता जंतू कुठे मुक्काम करतो

क्लेब्सिएला आणि ई. कोलाय आतड्यात राहतात आणि हातांवरून फिरतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या जागीही आठवडेच्या आठवडे तग धरतो: खाटेचा कठडा, मॉनिटरची वायर, बीपीचा पट्टा. स्यूडोमोनास पाण्याचा सोबती, बेसिनच्या जाळीखाली आणि ऑक्सिजन ओला करणाऱ्या पाण्याच्या बाटलीत सापडणारा. एमआरएसए (मेथिसिलीनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) नाकात आणि कातडीवर असतो. तुमच्याकडच्या कल्चर रिपोर्टमध्ये (नमुन्यात कोणता जंतू वाढला ते सांगणाऱ्या) सारखं एकच नाव येत असेल, तर कुठे शोधायचं हे त्या नावावरूनच कळतं. स्यूडोमोनास वाढलाय आणि आपण चादरी उकळत बसलोय, असं होऊ नये.

आतड्यातल्या जंतूंची आणखी एक खोड आहे. प्रतिकाराचं जनुक ते प्लाझमिडवरून (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावरून) शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. मेरोपेनेमसारख्या राखीव अँटिबायोटिकला निकामी करणारा एनडीएम-१ हा विकर (एन्झाइम) असाच पसरला. तो पहिल्यांदा ओळखला गेला २००८ मध्ये, भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात. म्हणून एका वॉर्डात आधी क्लेब्सिएला आणि मग ई. कोलाय तसाच प्रतिकार घेऊन आला, तर त्याला योगायोग समजू नका.

हात

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी अल्कोहोल रबची (हातांना चोळायच्या द्रावणाची) बाटली हवी. दारापाशी एकच बाटली ठेवली तर तिचा उपयोग राउंडपुरता, कारण सिस्टर एका रुग्णाची कॅथेटर बॅग हाताळून दुसऱ्याच्या व्हेनफ्लॉनकडे (शिरेत लावलेल्या नळीकडे) वळते तेव्हा दार वाटेत येतच नाही.

विकतचा रब परवडत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राने घरच्या घरी होतो. १० लिटरसाठी ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८,३३३ मिली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्क्यांचं ग्लिसरॉल १४५ मिली, आणि उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी १० लिटरच्या खुणेपर्यंत. आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९.८ टक्के) वापरणार असाल तर ते ७,५१५ मिली घ्यायचं, बाकी प्रमाण तेच. कॅन घट्ट बंद करून ७२ तास तसाच ठेवायचा. पेरॉक्साइड असतं ते अल्कोहोलला न मरणारे बीजाणू (जंतूंचं टणक कवचातलं रूप) मारायला, हातांसाठी नाही, आणि त्याला तेवढा वेळ लागतो. घाईने दुसऱ्या दिवशी वाटप केलं तर पेरॉक्साइड घालून उपयोग काय? ग्लिसरॉल जास्त घातलं की हात चिकट होतात, आणि चिकट रब कुणी वापरत नाही. सगळं काम विस्तवापासून लांब, खेळत्या हवेत करायचं.

तळहात भरेल इतका रब घेऊन २० ते ३० सेकंद, कोरडा होईपर्यंत चोळायचा. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास राहून जातात. हात दिसायला घाण असतील किंवा रुग्णाला जुलाब होत असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. जुलाब करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसीलचे बीजाणू अल्कोहोलला भीक घालत नाहीत.

हात खरंच साफ होतात का, हे तपासायला सिस्टरांवर पाळत ठेवायची गरज नाही. दर हजार रुग्ण-दिवसांना निदान २० लिटर रब संपायला हवा, असा दंडक आहे. वीसपैकी सरासरी पंधरा खाटा भरलेल्या असतील तर महिन्याचे ४५० रुग्ण-दिवस, म्हणजे महिन्याला ९ लिटर. तुमचा १० लिटरचा कॅन तीन महिने पुरत असेल, तर हात किती साफ होतात याचं उत्तर स्टोअरच्या वहीतच आहे.

हातमोज्यांनी उलट नुकसान होताना दिसतं. एकच जोडी घालून तीन रुग्ण, फोन आणि फाइल. त्यापेक्षा उघडा हात बरा, तो निदान घाण झाल्याचं जाणवतं. एक रुग्ण, एक काम, एक जोडी, आणि मोजे काढल्यावर पुन्हा रब.

बेसिन

वॉर्डातल्या बेसिनकडे जरा वाकून बघा. जाळीच्या कडेला बुळबुळीत थर असतो. खाली वाकड्या नळीत साचलेल्या पाण्यात तोच थर जाड झालेला असतो, आणि नळाची धार नेमकी जाळीवर पडत असते. धार आपटली की बारीक थेंब उडतात, मीटरभर अंतरावरच्या ट्रेपर्यंतसुद्धा. त्या बेसिनला लागून औषधांचा ट्रॉली-टेबल ठेवलेला असेल, तर जंतू थेट इंजेक्शनच्या तयारीत पोहोचतो.

याच बेसिनमध्ये नातेवाईक डबा धुतात, उरलेला चहा ओततात, मावशी युरीन बॅग रिकामी करतात, आणि सिस्टर उरलेलं अँटिबायोटिक नि डेक्स्ट्रोज टाकते. जंतूला खाऊही मिळतो आणि औषधाचा सरावही होतो. तेव्हा:

- हात धुण्याच्या बेसिनमध्ये हातांशिवाय दुसरं काही धुवायचं नाही. डबे धुवायला जिन्याखाली किंवा मागच्या बाजूला वेगळी मोरी द्या. नुसती पाटी लावून भागत नाही. सोय दिली नाही तर लोक तरी कुठे जाणार?
- औषध भरण्याची जागा बेसिनपासून निदान एक मीटर लांब, नाहीतर मध्ये उभी आडफळी.
- प्लंबरला सांगून नळाचं तोंड असं वळवा की धार जाळीवर न पडता भांड्याच्या उतारावर पडेल.
- लघवी, सलाईन, उरलेलं द्रव हे सगळं स्लुइसमध्ये (घाण द्रव ओतायच्या वेगळ्या मोरीत).
- पातळ साबणाची बाटली अर्धी झाल्यावर वरून भरायची नाही. संपली की धुवायची, वाळवायची, मग भरायची. वडीचा साबण पाण्यात पडून राहत असेल तर जाळीची साबणदाणी घ्या.

जाळीत हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ओतून काही दिवस बरं वाटतं, पण थर मरत नाही, परत येतो. सतत स्यूडोमोनास सापडत असेल तर नळीचा वाकडा भागच बदलून घ्या.

पाणी टँकरचं असेल तर (जत भागात उन्हाळ्यात दुसरं काय असणार?) वरची टाकी ठरलेल्या तारखेला धुवा आणि नळाला ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) करा, ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे त्यासाठीचा क्लोरोस्कोप असतो. नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन दिसायला हवं. २०१९ सारखा महापूर आला आणि तळमजल्यावर पाणी चढलं, तर भिजलेली गादी, कापूस, बँडेज, सीलबंद सेटसुद्धा वाळवून वापरू नका. सगळं बाद.

सलाईनची बाटली आणि शीर

पाचशे मिलीची नॉर्मल सलाईनची बाटली, बुचात खोचून ठेवलेली सुई, आणि ज्याला फ्लश द्यायचा त्याच्यासाठी त्यातूनच ओढलेले पाच मिली. बाटली सकाळी उघडलेली, रात्री संपते. एका सिरिंजचं टोक जरी एखाद्या व्हेनफ्लॉनला लागून परत आत गेलं, तरी दिवसभरातला प्रत्येक फ्लश जंतू थेट रक्तात सोडतो. नवजात बाळांच्या कक्षात हे झालं तर एका रात्रीत तीन-चार बाळं आजारी पडतात. ही पद्धत आज बंद करा: फ्लशसाठी १० मिलीचे अँप्यूल, एका रुग्णाला एक. इंजेक्शन विरघळवण्यासाठीही तेच. भुलीच्या प्रोपोफॉलमध्ये तेल असतं आणि जंतू त्यात झपाट्याने वाढतो. एका रुग्णाचं उरलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही, जीव कितीही हळहळला तरी.

कापसाच्या स्पिरिट बोळ्यांचा डबाही तसाच. रोज वरून स्पिरिट ओतायचं, तळाचे बोळे आठवडाभर तिथेच. पातळ केलेल्या सेट्रिमाइड-क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या भांड्यात तर जंतू उघड वाढतात. छोटा डबा, रोज रिकामा, धुतलेला, वाळवलेला. जमेल तिथे सुटे अल्कोहोल स्वॅब.

व्हेनफ्लॉन लावताना अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन लावा आणि ३० सेकंद आपोआप वाळू द्या. फुंकर मारायची नाही, बोटाने पुन्हा शीर चाचपायची नाही. औषध देण्याआधी पोर्ट (औषध सोडायचं तोंड) अल्कोहोलने १५ सेकंद घासायचा. चिकटपट्टीवर तारीख-वेळ लिहायची, दर पाळीला जागा बघायची: दुखतंय, लाल झालंय, सुजलंय तर लगेच काढा. रस्त्यावर किंवा कॅज्युअल्टीत घाईत लावलेला ४८ तासांच्या आत बदला. सलाईनचा सेट काढून त्याचं टोक स्टँडवर उघडं लटकवायची सवय मोडा, टोपण नसेल तर सेट बाद. आणि सलाईन बंद झाल्यावर "असू दे, लागेल" म्हणून ठेवलेला व्हेनफ्लॉन नंतर विनाकारण ताप देतो.

युरीन कॅथेटरचंही तसंच: रोज सकाळच्या राउंडला एकच प्रश्न, आज लागतोय का? बॅग मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता, नळीचा जोड न उघडता. लघवी मोजायचा मग सगळ्या वॉर्डात एकच फिरत असेल, तर तो प्रतिकारक जंतूंचं हुकमी वाहन समजा. प्रत्येक कॅथेटरवाल्याला वेगळा, नाव लिहिलेला मग. ऑक्सिजन ४ लिटरपर्यंत चालू असेल तर पाण्याच्या बाटलीची गरजच नसते. वापरलीच तर डिस्टिल्ड पाणी, आणि वरून भर न घालता रोज रिकामी करून वाळवलेली.

पुसणं

ओल्या मॉपने पुसा, झाडू मारू नका. धूळ उडाली की अ‍ॅसिनेटोबॅक्टरही उडतो. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढायची, मग हायपो. घाणीवर ओतलेला हायपो घाणीतच संपतो.

बाजारातला हायपो ५ टक्क्यांचा आहे की १० टक्क्यांचा, हे कॅनवर बघितल्याशिवाय पाणी घालू नका. ५ टक्क्यांपासून १ टक्का करायला १ लिटर हायपोत ४ लिटर पाणी; १० टक्क्यांचा असेल तर ९ लिटर. रक्त सांडलं तर वर जुनं कापड किंवा टिश्यू टाकून त्यावर १ टक्क्याचं द्रावण, १० मिनिटं थांबून मग पुसायचं. कठडे, लॉकर, दाराची कडी यांना ०.१ टक्का पुरतं: ५ टक्क्यांचा २० मिली हायपो आणि पाणी घालून एकूण १ लिटर. तेही १० मिनिटं ओलं राहायला हवं. लगेच फडक्याने कोरडं केलं तर कष्ट वाया. द्रावण रोज ताजं, अपारदर्शक झाकलेल्या डब्यात. खिडकीतल्या उन्हात ठेवलेला हायपो संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी. स्टीलवर नंतर साध्या पाण्याचं फडकं मारा, नाहीतर गंजतं. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये हायपो कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. फिनेलने वास छान येतो, खाटेभोवतीच्या या जंतूंवर भरवसा ठेवण्याइतकं त्यात काही नाही.

क्रम: स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे, वरून खाली, संसर्ग असलेली खोली शेवटी. संडासाचा मॉप वेगळ्या रंगाचा. वापरलेला मॉप गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. बादलीत रात्रभर भिजत राहिलेला मॉप सकाळी जंतूच पसरवतो. आणि हे काम ज्या मावशी-मामांनी करायचं, त्यांना द्रावण मोजायला खुणेचा मग द्या. "थोडंसं टाका" या मापाने कुणालाच काही कळत नाही.

दाखल करतानाची पाच मिनिटं

नवा रुग्ण आला की तीन प्रश्न: गेल्या तीन महिन्यांत दुसऱ्या दवाखान्यात राहिला होता का, आयसीयूत होता का, कोणती अँटिबायोटिक्स मिळाली? आयसीयूतून थेट आलेला, कॅथेटर किंवा ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला केलेलं छिद्र) असलेला रुग्ण वेगळ्या खोलीत. खोली नसेल तर कोपऱ्याची खाट, शेजारी एक मीटरहून जास्त अंतर, त्याचा स्वतःचा बीपी पट्टा, स्टेथोस्कोप आणि थर्मामीटर. जमल्यास रेक्टल स्वॅब (गुदद्वारातला नमुना) लॅबला पाठवून कार्बापेनेम-प्रतिकारक (मेरोपेनेमच्या गटाला दाद न देणारे) जंतू आहेत का विचारा. स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणजे अँटिबायोटिक सुरू करायचं असं नाही. रुग्ण नुसता वाहक असू शकतो. खबरदारी घ्यायची, औषध नाही.

नातेवाइकांशी भांडून काही होत नाही. रात्री एक जण, खाटेवर न बसता स्टुलावर, खाटेखाली चटई नाही, आत-बाहेर जाताना रब. सासूबाई शेजारच्या पेशंटलाही पाणी पाजणार, पाय दाबून देणार. माया म्हणून ठीक, पण मध्ये हात साफ करायला सांगा. तुम्ही रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीत कल्चरमध्ये काय निघालं आणि कोणतं अँटिबायोटिक किती दिवस दिलं हे ठळक लिहा. "ऑल रिपोर्ट्स अटॅच्ड" एवढ्यावर कुणी पानं उलटत नाही.

कल्चर आणि अँटिबायोटिक

पहिला डोस देण्याआधी कल्चर. प्रौढांमध्ये दोन वेगळ्या हातांतून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. दोन मिली घालून "नो ग्रोथ" आला तर तो लॅबचा दोष नाही. भरलेली ब्लड कल्चर बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. लघवीचं उलटं: दोन तासांत पोहोचणार नसेल तर फ्रिज. कॅथेटरवाल्याची लघवी बॅगेतून नाही, सॅम्पल पोर्ट साफ करून घ्यायची. जखमेत वरवर फिरवलेल्या स्वॅबपेक्षा सिरिंजने ओढलेला पू कितीतरी उपयोगी.

रिपोर्टच्या दिवशी, म्हणजे ४८ ते ७२ तासांनी, थांबून निर्णय घ्या: बंद करायचं, अरुंद करायचं (सापडलेल्या जंतूपुरतंच औषध द्यायचं), की चालू ठेवायचं. चार्टवर त्या दिवसाला आधीच लाल गोल करून ठेवा. लघवीत जंतू पण तक्रार काहीच नाही, तर गर्भवती किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणारा रुग्ण सोडून उपचार नको. मेरोपेनेम, पिपेरासिलीन-टॅझोबॅक्टम किंवा अमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह चालू असताना वर मेट्रोनिडाझोल लावायची सर्रास सवय आहे. मेट्रोनिडाझोल ज्यांच्यासाठी द्यायचं ते ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू ही औषधं स्वतःच मारतात. अमीबा किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसीलसारखं ठोस कारण नसेल तर ते बिलातला एक आकडा वाढवतं, एवढंच. कोलिस्टिन किडनीला जड जातं आणि हातात उरलेल्या शेवटच्या औषधांपैकी आहे. दुसऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते सुरू होणार नाही असा नियमच करा.

ऑपरेशनसाठी सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम (१२० किलोच्या वर ३ ग्रॅम), चीर देण्याच्या आधीच्या ६० मिनिटांत. चार तासांच्या वर चाललं किंवा दीड लिटरहून जास्त रक्त गेलं तर पुन्हा. सिझेरियनलाही चिरेच्या आधी. त्यानंतर स्वच्छ ऑपरेशनला "टाके काढेपर्यंत सकाळ-संध्याकाळ" इंजेक्शनने जखम जास्त चांगली भरत नाही, फक्त आतड्यातले औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात. केस ब्लेडने काढू नका, अडचण होत असेल तरच क्लिपरने कापा.

ऑटोक्लेव्हबद्दल थोडक्यात. १२१ अंश, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या सेटला ३० मिनिटं, आणि वेळ मोजायची ती तापमान गाठल्यापासून. मध्ये लाइट गेली तर उरलेली मिनिटं जोडायची नाहीत, पहिल्यापासून. ड्रम ठासून भरला की मधल्या कापडापर्यंत वाफ जात नाही. बाहेरच्या टेपवरच्या काळ्या रेघा म्हणजे गठ्ठा तापला एवढंच, म्हणून आत इंडिकेटर पट्टी आणि आठवड्यातून एकदा बीजाणू चाचणी. १४ दिवसांच्या ग्लुटराल्डिहाइडवर (उपकरणं बुडवायच्या जंतुनाशकावर) कार्यान्वित केल्याची तारीख लिहा, लक्षात ठेवू नका.

एकसारखे दोन रिपोर्ट आले तर

दोन-तीन आठवड्यांत दोन रुग्णांत तोच जंतू, त्याच औषधांना प्रतिकार. लगेच ओटी (ऑपरेशन थिएटर) बंद करून फॉर्मेलीनचं फ्युमिगेशन (धुरी) करायची आपल्याकडे रीत आहे. डोळे झोंबतात, दोन दिवस जातात, सगळ्यांना काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण क्लेब्सिएला हवेतून आलेला नसतो, आणि फॉर्मेलीन कर्करोगकारक आहे ते वेगळंच. दर महिन्याला ओटीच्या भिंतींचे स्वॅब पाठवण्यातूनही फारसं हाती लागत नाही.

लॅबला फोन करून त्या दोन्ही प्लेट्स (जंतू वाढवलेल्या) टाकू नका म्हणून सांगा. मग एका कागदावर दोघांची खाट, दाखल तारीख, ऑपरेशन, व्हेनफ्लॉन-कॅथेटर कधी, कोणत्या पाळीत कोण, कोणती सामायिक वस्तू हे शेजारी-शेजारी मांडा. बहुतेकदा समान धागा इथेच दिसतो: एक फ्लशची बाटली, एक नेब्युलायझर, एकच बेसिन. तेवढ्याच वस्तूंचे स्वॅब पाठवा. क्लेब्सिएलासाठी कर्मचाऱ्यांच्या नाकाचे स्वॅब घेऊन फक्त मनस्ताप होतो. दोन्ही रुग्ण एका बाजूला, शक्यतो एकच सिस्टर त्यांच्याकडे, शेजारच्या खाटांवरच्यांचे रेक्टल स्वॅब आठवड्याला. तिसरा रुग्ण सापडला तर त्या खोलीत नवे दाखल थांबवा. शेवटचा पॉझिटिव्ह रुग्ण घरी गेल्यावर गादीचं रेक्झीन तपासा. फाटलेली असेल तर पुसून काही होत नाही, ती बदला. पुढचे तीन-चार आठवडे नवा रिपोर्ट आला नाही, तरच तो कागद फाइलला लावा.